मुकादमाला सांगितलेलं

परुळेकरांच्या घरातला अबोला आठ महिन्यांचा झाला होता आणि दोन्ही बाजूंनी तो अगदी निष्ठेने पाळला जात होता. एवढ्या निष्ठेने त्या घरात दुसरं काहीच कधी पाळलं गेलं नव्हतं, ना श्रावण, ना डॉक्टरने सांगितलेलं पथ्य. घरात माणसं दोनच. सासरा गुणाजी, वय एकाहत्तर, आणि सून जान्हवी, वय चौतीस. जान्हवीचा नवरा निलेश मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. तो दर शुक्रवारी फोन करायचा, "सगळं ठीक ना?" असं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत "चल मग" म्हणायचा. नाहूर स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या त्या वन बीएचकेमध्ये ही दोघं एकमेकांना चुकवत कशी राहत होती, ते बघण्यासारखं होतं. एकजण बाथरूममधून बाहेर येईपर्यंत दुसऱ्याने गॅलरीत उभं राहायचं. चुकून समोरासमोर आलंच तर नजर भिंतीवरच्या कॅलेंडरला लावायची. जो आधी बोलेल तो हरला, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आणि जान्हवी हरणार नव्हती. मेली तरी हरणार नव्हती.

भांडण तसं दोनच वाक्यांचं. गुणाजीची बायको प्रेमा दीड वर्ष अंथरुणाला खिळून गेली. त्या दीड वर्षात तिला आंघोळ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं जान्हवीने केलं, तेही नोकरी सांभाळून. मुलुंडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ती रोग्यांची नजर तपासायची. प्रेमा गेल्यानंतर सहाव्या दिवशी दवाखान्यात मोतीबिंदूचं शिबिर होतं आणि माणसं कमी पडत होती, म्हणून ती अर्धा दिवस जाऊन आली. परत येते तो चटईवर गावचे दहा-बारा नातेवाईक बसलेले, आणि त्या सगळ्यांच्या देखत गुणाजी आपल्या मालवणीत म्हणाला, "हिचा काय जाता? माणूस माझा गेला." जान्हवीने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. "तुमचं माणूस होतं ना? मग दीड वर्षात एकदा तरी तिला कुशीवर वळवायची होती." "आजपासून माझ्याशी बोला नको," गुणाजी म्हणाला. "नाही बोलणार," जान्हवी म्हणाली. तेरावं झालं की निवळेल, असं नातेवाईक आपसात म्हणाले आणि गावी निघून गेले. त्यांना ही माणसं माहीत नव्हती.

आता अबोला म्हणजे न बोलणं, असं ज्याला वाटतं त्याने तो कधी धरलेला नसतो. अबोल्यात नेहमीपेक्षा जास्त बोलावं लागतं, फक्त ते तिसऱ्याला सांगावं लागतं. निलेशला हे काम झेपेना, शिवाय मस्कतच्या फोनवरून टोमणा पोचेपर्यंत त्याची धार जायची. मग उरला मुकादम. मुकादम म्हणजे प्रेमाचा बोका, पिवळा, रुंद चेहऱ्याचा. शेपटी उभी करून घरातला प्रत्येक कोपरा तपासत फिरायचा आणि स्वतः काडीचं काम करायचा नाही, म्हणून प्रेमाने त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. गुणाजी तरुणपणी गिरणीत मागावर होता आणि तिथल्या मुकादमाने त्याला छळ छळ छळलं होतं, त्यामुळे हे नाव त्याच्या डोक्यात जायचं. प्रेमाला ते माहीत होतं.

तर आता सगळा कारभार मुकादमाच्या मार्फत चालायचा. "मुकादमा, तिका सांग, आमटीत मीठ नाय." "मुकादम, त्यांना सांग, मीठ डॉक्टरने बंद केलंय, सुनेने नाही." "मुकादमा, लाइट कोण चालू ठेवून गेला रे? तुझो बापूस?" मुकादम दोघांच्या मध्ये बसून पाय चाटायचा. त्याला मिळणारा मासा दोन्ही बाजूंनी यायचा, त्यामुळे त्याला हा अबोला मानवला होता. इतका मानवला की तो फुगत चालला. दिवसभर प्रेमाच्या खाटेवर पसरून राहायचा, उडी मारून खिडकीवर जाणंही त्याच्या जिवावर यायचं.

जान्हवीने हे दवाखान्यात दर्शनाला सांगितलं. दर्शना म्हणजे रोग्यांच्या डोळ्यांत थेंब घालणारी तिची मैत्रीण. "लेझर आण गं त्याला," दर्शना म्हणाली. "आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे मांजरवाले तेच करतात. ठिपका पाडायचा, ते वेड्यासारखं धावतं. झकास व्यायाम."

लेझर काय असतो, हे जान्हवीला कुणी शिकवायची गरज नव्हती. आतल्या खोलीत डॉक्टर संघमित्रा मॅडम रोज मशीनवर साखरेच्या रोग्यांच्या डोळ्यांत लेझर मारायच्या. पण रोज उठून तेच बघितलं की भीती जाते. मुलुंड स्टेशनबाहेरच्या टपरीवर तिला पेनाएवढा काळा लेझर मिळाला. त्यावर इंग्रजीत एक स्टिकर होतं, अमुक इतक्याच ताकदीचा आहे, घाबरू नका, अशा अर्थाचं. स्टिकर कुणीही छापतं. हे तिला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं, पण उशीर झाला होता आणि घरी कुकर लावायचा होता.

मुकादमाने मात्र पैसे वसूल करून दिले. जमिनीवर तो लाल ठिपका पडला आणि आठ महिने न हललेला बोका ताडकन उठला. ठिपका कपाटाखाली गेला, हा कपाटाखाली. ठिपका भिंतीवर चढला, हाही भिंतीवर चढायला बघतोय. पंजा मारला की ठिपका पंजाच्या वर. पंजा उचलून खाली बघायचा, तिथे काहीच नाही. मग हताश होऊन ओरडायचा. उंदीर निदान कधीतरी सापडतो, हा मेला ठिपका सापडायचाच नाही. जान्हवी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. खुर्चीत बसलेला गुणाजी तिच्या हसण्याकडे बघत होता. त्याच्या घरात, त्याची बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि ही हसत होती. त्याने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि लेझर टीव्हीच्या टेबलावर राहिला. संध्याकाळी येते तर म्हातारा खुर्चीत बसलेला, हातात लेझर. तिने चपला काढल्या आणि समोर पंख्याच्या पात्यावर लाल ठिपका पडला. पात्यावर धूळ होती. ठिपका तिथे थांबला, दोन-तीन वेळा हलला, मग सरकत सरकत सिंकमधल्या सकाळच्या कपावर गेला. तिथून खिडकीच्या जाळीवर. तिथून कोपऱ्यातल्या कोळिष्टकावर. गुणाजी एक शब्द बोलत नव्हता. मुकादमालासुद्धा सांगत नव्हता. नुसता अंगठा दाबत होता आणि घरातली एकेक चूक तिच्यासमोर पेटवून दाखवत होता. मुकादम बिचारा पंख्याखाली उभा राहून वर बघत ओरडत होता.

जान्हवीच्या अंगाचा तिळपापड झाला. मुकादमाला सांगितलेल्या टोमण्याला उलटा टोमणा मारता यायचा. ठिपक्याला काय मारणार? तो रोजच पडायला लागला. भाजी चिरताना हाताशेजारच्या सांडलेल्या देठावर. फोनवर बोलत असली की घड्याळावर. एकदा ती वाकून फरशी पुसत होती, तर तिच्या पाठीमागे सुटलेल्या जागेवर. साडेनऊ तास दवाखान्यात उभी राहून आलेल्या बाईला एक म्हातारा खुर्चीतून न उठता बोट दाखवत होता, आणि त्याचं बोट भिंतीपर्यंत पोचत होतं. तिला त्या माणसाचा मनापासून द्वेष वाटायला लागला. कधी कधी तिला वाटायचं, हा मरेपर्यंत बोलणार नाही आणि मेला की मीच रडायचं, तेसुद्धा लोकांच्या देखत.

एका संध्याकाळी ठिपका असाच भिंतीवरून फिरताना तिच्या तोंडावरून सर्रकन गेला. डोळा थोडक्यात वाचला. ती ओरडलीच, पण सवयीने मुकादमाकडे वळून. "मुकादम, नीट ऐक. ह्या दिव्यात बघायचं नसतं. डोळा जातो. कायमचा जातो. पण डोकं असलेल्याला सांगावं ना! तुला सांगून काय उपयोग, तू कुणाचं ऐकलंयस कधी?"

गुणाजी हसला. "मुकादमा, ऐकलंस? आता दिव्याक पण भियाचा."

झालं. आठ महिन्यांत मुकादमाला सांगितलेलं एकही वाक्य टोमण्याशिवाय नव्हतं, मग हेच का खरं मानायचं? तिने खरं सांगितलं होतं, पण टोमण्यातच गुंडाळून सांगितलं होतं. आपण बजावलं, आपलं काम झालं, असं समजून ती कणीक मळायला गेली.

ठिपका मात्र थांबेना. लेझर लपवावा, तर दिवसभर म्हातारा घरात मोकळा, कपाट उलथंपालथं करील. फेकून द्यावा, तर तिने हार मानल्यासारखं. मग तिला एक युक्ती सुचली. सकाळी निघताना तिने लेझरचं मागचं झाकण उघडलं, कॅलेंडरच्या कागदाचा एक इवलासा तुकडा सेलवर ठेवला आणि झाकण लावलं. बटण दाबलं. काही पेटलं नाही. बस म्हणावं आता खुर्चीत, दाब बटण. बसमध्ये तिला एकटीलाच हसू आलं.

त्या दिवसापासून ठिपका बंद झाला. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा लेझर टेबलावर होता आणि गुणाजी आतल्या खोलीत, प्रेमाच्या खाटेवर डोळ्यांवर पंचा टाकून पडला होता. जिंकले, असं तिला वाटलं. पुढचे चार-पाच दिवस ती गाणी गुणगुणत होती.

पण म्हाताऱ्याने दुसरंच काहीतरी काढलं. आधी तो तिच्याकडे बघायचा नाही, पण निदान सरळ भिंतीकडे बघायचा. आता तो तिच्या कानाकडे बघायला लागला. ती समोरून आली की तोंड जरासं वळवून, तिरकं, तिच्या खांद्यापलीकडे कुणीतरी उभं असल्यासारखं. चहा कपात ओतायच्या ऐवजी कपाच्या शेजारी ओतायचा. "मुकादम, ज्याने सांडलं त्याने पुसावं," ती म्हणाली आणि फडकं त्याच्यासमोर टाकलं. त्याने पुसलं, पण डाग राहिला एकीकडे आणि फडकं फिरलं दुसरीकडे. मुद्दाम. तिला खात्रीच होती, मुद्दाम. दुसऱ्या दिवशी तिने त्याला चहा करून देणं बंद केलं. घ्या म्हणावं आपला आपण. जेवताना ताटातली भाजी तशीच राहायची आणि भाताची शितं ताटाबाहेर. ती ताट आपटून उचलायची.

दवाखान्यात तिने दर्शनाला सांगितलं, "अगं, आता माझ्याकडे बघत पण नाही. कानाकडे बघतो. आणि सांडतो काय, लवंडतो काय!"

"दुर्लक्ष कर ना यार," दर्शना म्हणाली. "म्हातारपणी असंच नाटक असतं."

दोघींच्या मागच्या बाकावर त्या वेळी अकरा रोगी बसले होते, सगळे डोळ्यांचे. त्यातल्या निदान दोघांना तरी बघून संघमित्रा मॅडमनी दुरूनच ओळखलं असतं की त्यांच्या नजरेच्या मधोमध भोक पडलंय, कारण ती माणसं मान वळवून बघतात. जान्हवीलाही ते ओळखता येत होतं. दिवसाला चाळीस डोळे ती तपासायची. पण दवाखान्यातला माणूस रोगी असतो आणि घरातला माणूस वैरी असतो, आणि वैऱ्याची नजर कुणी तपासत नाही.

पाच आठवडे असेच गेले. एका रविवारी सकाळी ती निवांत होती. मुकादम पुन्हा खाटेवर पसरायला लागला होता, म्हणून तिने लेझर उचलला. कागद काढायला झाकण उघडलं, तर कागद जागेवर नव्हता. चुरगळून एका बाजूला सरकला होता. तिने तसंच झाकण लावून बटण दाबलं. जमिनीवर लख्ख लाल ठिपका पडला.

म्हणजे हा चालू होता. कधीपासून चालू होता? मग म्हाताऱ्याने तो वापरला कसा नाही? एवढा भला झाला?

गुणाजी गॅलरीजवळ उजेडात पेपर धरून बसला होता. तिला खोडी काढावीशी वाटली. इतके दिवस ह्याने माझ्या चुका दाखवल्या, आता आपण दाखवू. तिने मागून, भिंतीला टेकून, ठिपका नेमका त्याच्या पेपरवर पाडला. मथळ्यावर, जिथे तो बघत होता तिथेच. गुणाजी हलला नाही. तिने ठिपका ओळीवरून फिरवला. त्याने पान उलटलं. ठिपका पुन्हा मधोमध. काहीच नाही. तेवढ्यात मुकादमाने ठिपका बघितला आणि धावत येऊन पेपरावरच झेप घेतली. गुणाजी दचकून ओरडला, पेपर फाटला, आणि काय पडलं ते बघायला त्याने मान वळवली. मुकादम त्याच्या मांडीवर होता, आणि त्याने मान वळवली ती मुकादमापासून दूर, पार गॅलरीच्या दाराकडे. मांजर बघायला त्याला मांजरावरून नजर काढावी लागत होती.

जान्हवीच्या हातातला लेझर विझला. ही मान तिने शेकडो वेळा बघितली होती. पाच आठवड्यांपासून स्वतःच्या घरात बघत होती आणि ताटं आपटत होती.

"मुकादम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "त्यांना विचार, कुठल्या डोळ्याला झालंय?"

"मुकादमा, माझे डोळे झकास आसत," गुणाजी म्हणाला. "तिका सांग, आपला काम कर."

"विचार त्यांना, ठिपक्यात बघितलं का?"

गुणाजीने फाटलेला पेपर सरळ केला. मग मुकादमाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बटान दाबून आत बघी होतंय. पेटना नाय, म्हणान टेबलार आपटलंय. तेवड्यात फटकन पेटलो. पेटलो म्हणान आणखी बघलंय, आत काय आसा ता."

"उजव्यात?"

उजव्यातच. तिला उत्तराची गरज नव्हती. गुणाजीचा डावा डोळा गिरणीतच गेल्यात जमा होता, मागावरचा सूत ओढणारा लाकडी धोटा उडून लागला होता. प्रेमाने तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ह्यांच्या डाव्या बाजूने जाऊ नको गं, ते दचकतात. चाळीस वर्षं हा माणूस एका डोळ्यावर जगला होता. आणि तिने तो कागद ठेवला होता. न पेटणाऱ्या दिव्यात माणूस डोकावून बघणारच, हे तिला सुचलं नव्हतं. सुचलं होतं ते एवढंच, की म्हातारा खुर्चीत बसून चरफडेल.

"सांगितलं होतं मी," ती मुकादमाला म्हणाली. म्हणजे जवळजवळ किंचाळली. "बघू नका म्हणून सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलान ना," गुणाजी शांतपणे म्हणाला. "तुका सांगितलान, मुकादमा. माका खंय सांगितलान?"

तिने निलेशला फोन लावला. निलेश म्हणाला, "बाबांना दे." गुणाजीने फोन घेतला, "माका काय एक झाला नाय," म्हणाला आणि परत दिला. निलेश म्हणाला, "बघ गं तूच, तू तर डोळ्यांच्याच दवाखान्यात आहेस ना," आणि "चल मग" म्हणून ठेवून दिला. जान्हवी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. तिला आधी स्वतःची लाज वाटली आणि मग त्या लाजेचाच राग आला. ह्याला मुकादमाकडून कितीही निरोप पाठवले तरी हा हलणार नव्हता. दिवस जात होते. असल्या जखमेत काही उरलं असलं तर ते लवकर जाण्यातच असतं, हे तिला माहीत होतं. त्याच्याशी बोलणं भाग होतं. नुसतं बोलणं, तोंडाने, त्याच्या तोंडावर. एवढीशी गोष्ट, पण तिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. सहाव्या दिवशीची ती चटई, ती माणसं, "हिचा काय जाता?" हे सगळं त्या कुलुपात होतं. अबोला आपण मोडला तर त्या दिवशी आपलंच चुकलं होतं असं ठरलं असतं, आणि आपलं चुकलं नव्हतं. कधीच चुकलं नव्हतं. ते दीड वर्ष तिचं होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर ती त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. मुकादमाला तिने पायाने बाजूला सारला.

"बाबा," ती म्हणाली, "उद्या सकाळी नऊला माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. डोळा दाखवायचा."

गुणाजीच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं, ते समाधान होतं. म्हातारा इतका खूश एवढ्या महिन्यांत दिसला नव्हता. त्याने मान खाली घालून मुकादमाला शोधलं, हाताने चाचपून.

"मुकादमा," तो म्हणाला, "ऐकलंस मा? आधी कोण बोलला?"

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरंच वाटली, हात शिवशिवला. ती आत गेली, नळ सोडला आणि रागाने रडली.

सकाळी नऊला मात्र तो तयार होता. इस्त्रीचा सदरा, पायात चपला, हातात प्रेमाची कापडी पिशवी, त्यात चष्मा आणि जुने कागद. सदऱ्याचं वरचं बटण दुसऱ्याच घरात गेलं होतं. जान्हवीने ते बघितलं आणि दाराला कुलूप लावलं. तिने अबोला मोडला होता, त्याने नाही, आणि तो त्याचा हिशोब चोख ठेवत होता. रिक्षात तो एका कडेला, ती दुसऱ्या कडेला. उतरताना तिने कोपराला धरलं तर त्याने हात झटकला आणि पायरी चुकली. पुन्हा धरलं तेव्हा झटकला नाही, पण हात लाकडासारखा कडक ठेवला.

दवाखान्यात दर्शनाने केसपेपर काढला. नाव, वय, पत्ता. "त्रास कशामुळे?" असा एक रकाना होता. दर्शनाने पेन जान्हवीच्या हातात दिलं आणि दुसरीकडे बघत राहिली. जान्हवीने लिहिलं, लेझर पॉइंटर. मग पुढे लिहिलं, मांजराचं खेळणं, घरातलं. तिचं अक्षर चांगलं होतं, सगळे वाखाणायचे. ते तिथे स्वच्छ दिसत होतं. आत संघमित्रा मॅडम थोड्या वेळाने वाचतील, आणि मग त्या विचारतील ते विचारतील.

पण त्याआधी नजर तपासायची होती, आणि ते काम जान्हवीचंच होतं. तिने गुणाजीला स्टुलावर बसवलं, डावा डोळा झाकणीने झाकला आणि समोरच्या दिव्याच्या पेटीतला तक्ता पेटवला. मराठी अक्षरांचा तक्ता, वर एकच अक्षर तळहाताएवढं, खाली ओळी लहान लहान होत गेलेल्या. दिवसातून चाळीस वेळा ती जे वाक्य म्हणायची, तेच म्हणाली. "समोर बघा, वरचं अक्षर वाचा."

गुणाजी गप्प.

"वरचं अक्षर. मोठं आहे ते."

गुणाजी गप्प. मागच्या बाकावरच्या बाया मान उंचावून बघत होत्या. जान्हवीच्या कानशिलांत रक्त चढलं. इथे? इथेसुद्धा? माझ्या दवाखान्यात, माझ्या माणसांसमोर, हा माणूस माझ्याशी बोलणार नाही? मी हरले, आधी बोलले, रडले, रकान्यात माझ्या हाताने लिहून दिलं, अजून ह्याला काय पाहिजे?

तिने छडी उचलली आणि अक्षराखाली टकटक केली. "बाबा," ती दात आवळून म्हणाली, "घरी जे करायचं ते करा. इथे उत्तर द्यायचं. हे अक्षर कुठलं?"

गुणाजीने मान डावीकडे वळवली. मग उजवीकडे. मग वर, छताकडे. हात पुढे करून त्याने हवेत तक्त्याची कडा चाचपल्यासारखी केली आणि मांडीवर परत ठेवला. मग तो बोलला. मुकादम तिथे नव्हता, आणि सांगायला दुसरं कुणीच नव्हतं.

"जान्हवी," तो म्हणाला, "पेटी दिसता गे माका. अक्षर खंय आसा?"